पाच आठवड्यांचा उशीर

मिशिगनमधल्या एका लहान गावात आमचा कारखाना होता. फ्रिजच्या आतले प्लास्टिकचे कप्पे आणि दाराच्या पट्ट्या आम्ही बनवायचो. बहुतेक माल एकाच मोठ्या कंपनीकडे जायचा. त्या कंपनीने आपलं उत्पादन मेक्सिकोला हलवलं, आणि २००६ च्या फेब्रुवारीत आमच्याकडची पहिली तुकडी घरी गेली. तिच्यात मी होतो. पुढच्या वर्षी मार्चअखेरीस कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा मागे राहिलेल्या तिघांनी केंद्रीय श्रम खात्याकडे अर्ज केला. तो मंजूर झाला आणि त्यांना शिक्षणाचा खर्च मिळाला, भत्ताही मिळाला. मला मात्र काहीच मिळालं नाही. या योजनेत अर्जाच्या तारखेपासून मागे एकच वर्ष धरत, आणि माझी नोकरी त्या वर्षाच्या पाच आठवडे आधी गेली होती.

त्या तेरा महिन्यांत तोच अर्ज मी आणि आणखी दोघे मिळून करू शकलो असतो. पण कंपनी करेल, नाहीतर सरकारी माणूस येऊन विचारेल, अशा समजुतीत आम्ही बसून राहिलो. विचारायला कोणीही आलं नाही.

योजनेचं नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स. अमेरिकेत सगळे तिला ‘टीएए’ म्हणतात. परदेशी मालाला बाजार खुला केला की देशाचा फायदा होतो, पण काही कामगारांची रोजीरोटी जाते, म्हणून त्यांना सावरायची जबाबदारी सरकारची, हा तिच्यामागचा विचार. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६२ च्या कायद्याने ती सुरू झाली. अटी मात्र इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ च्या ट्रेड ॲक्टने त्या सैल केल्या आणि तेव्हापासून योजनेला खरा अर्थ आला.

तिची गरज किती होती, हे दोन गावांकडे पाहिलं की कळतं. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅनापोलिस हे टॉवेल आणि चादरींच्या गिरण्यांवर उभं राहिलेलं गाव. २००३ च्या जुलैअखेरीस तिथली पिलोटेक्स ही कंपनी बंद पडली आणि त्या एका राज्यातच चार हजारांहून जास्त माणसं बेकार झाली. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा मेटॅगचा फ्रिजचा कारखाना मेक्सिकोतल्या रेनोसाला गेला. तिथे सुमारे १,६०० जणांचं काम गेलं. दोन्ही गावांतले कित्येक कामगार याच योजनेच्या आधाराने पन्नाशीच्या आसपास पुन्हा वर्गात जाऊन बसले.

पात्रतेचे टप्पे दोन असत. बहुतेकांची गफलत इथेच होई. आधी अख्खा गट पात्र ठरावा लागे आणि त्यानंतर त्यातला एकेक माणूस.

गटासाठीचा अर्ज कोणतेही तीन कामगार करू शकत. युनियन, कंपनी किंवा राज्याचं रोजगार कार्यालय यांनाही तो करता येई. आयात वाढल्यामुळे कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटलं, किंवा काम परदेशी हलवलं गेलं, हे दिसावं लागे. परदेशी स्पर्धा हेच एकमेव कारण असावं, अशी अट मुळीच नव्हती. ते इतर कारणांपेक्षा मोठं असायचीही गरज नसे, फक्त महत्त्वाचं असावं लागे. ‘आमचा कारखाना तर मंदीनेच बुडाला’ असं म्हणून अर्ज न करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

आमच्या बाबतीत आणखी एक गैरसमज होता. आमचे कप्पे कोणी परदेशातून मागवत नव्हतं, म्हणून ही योजना आपल्यासाठी नाही असं आम्ही धरून चाललो. पण २००२ च्या सुधारणेने सुटे भाग पुरवणाऱ्यांनाही त्यात घेतलं होतं. मोठ्या कंपनीचे कामगार पात्र ठरलेले असले आणि आपला निदान वीस टक्के माल त्या कंपनीकडे जात असला, तर पुरवठादाराच्या कामगारांनाही दार उघडं होतं. आमचा वाटा त्याहून कितीतरी जास्त होता.

गट मंजूर झाला म्हणजे काम झालं, असंही नसे. भत्त्यासाठी नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांपैकी किमान २६ आठवडे त्या कामावर असल्याचा पुरावा लागे. प्रशिक्षणात नाव घालायची मुदतही ठरलेली असे. त्या काळी ती मंजुरीपासून आठ आठवडे किंवा नोकरी गेल्यापासून सोळा आठवडे, यांपैकी जी नंतर संपेल ती, अशी होती. पुढे ती २६ आठवड्यांची झाली. मंजुरीचं पत्र खणात ठेवून आधी नोकरी शोधू म्हणणाऱ्या माझ्या एका सोबत्याची ही मुदत टळली आणि त्याचा भत्ता गेला.

अर्ज फेटाळला गेला, तरी तिथे थांबायचं नसे. फेरविचारासाठी ३० दिवस असत, आणि त्यापुढे न्यूयॉर्कचं आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय. कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनच्या माजी कर्मचाऱ्यांचं सॉफ्टवेअरचं काम भारतात गेलं होतं. सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ नाही, असं सांगून श्रम खात्याने त्यांना नाकारलं. ते कोर्टात गेले, आणि २००६ मध्ये खात्याला आपली भूमिका बदलावी लागली. ज्या कामामुळे पुण्या-हैदराबादच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, त्याच कामाची ही पलीकडची बाजू.

आज परिस्थिती वेगळी आहे. योजनेची मुदत ३० जून २०२२ ला संपली. तेव्हापासून नवे अर्ज मंजूर होत नाहीत. तुमचा गट आधीच मंजूर झाला असेल आणि तुमची नोकरी त्या तारखेपर्यंत गेली असेल, तर आपला हक्क शिल्लक आहे का, हे राज्याच्या रोजगार कार्यालयात विचारा. बाकीच्यांना बेकारी भत्ता आणि २०१४ च्या केंद्रीय रोजगार-प्रशिक्षण कायद्याखालचं प्रशिक्षण, हे मार्ग आहेत. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला कारखाना बंद करण्याआधी साधारणपणे ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती हातात पडली की त्याच आठवड्यात जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जा.

पगाराच्या स्लिपा, कामावरून कमी केल्याचं पत्र आणि माल कुठे जात होता याचा जो कागद मिळेल तो जपून ठेवा. शेवटच्या दिवशी गेटवर दोन सहकाऱ्यांचे फोन नंबर घ्या. अमेरिकेत, युरोपात किंवा आणखी कुठे आपला भाऊ, बहीण, भाचा कारखान्यात राबत असेल, तर त्याला आजच विचारा: तुझ्यावर ही वेळ आली, तर अर्ज कोण करणार, आणि किती दिवसांत? त्याला सांगता आलं नाही, तर दोघं मिळून शोधून काढा.