विहिरीत पडलेल्याला कोण काढणार?
(डॉक्टरांपुढील नैतिक पेच : एक अभ्यास)



आजारी माणसाला घेऊन आपण दवाखान्यात जातो, तेव्हा डॉक्टरांकडून आपली एकच अपेक्षा असते : पेशंट बरा करा. टेबलापलीकडे बसलेल्या त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोणत्या रोगाला कोणते औषध, हे पुस्तकात सापडते. पण ते द्यावे की नाही, कोणी द्यावे आणि कुठे थांबावे, हे पुष्कळदा पुस्तकात नसते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या जंगलपट्टीत तर असे पेच नेहमीचेच. या पाठात आपण आपल्याच भागात घडलेल्या दोन गोष्टी आणि उद्या आपल्या घरात येऊ शकेल असा एक प्रश्न शुभवर्तमानाच्या प्रकाशात पाहणार आहोत.

१. शुभवर्तमानाचा आधार

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात (१४:१-६) येशू शब्बाथ दिवशी एका जलोदर झालेल्या माणसाला बरे करतो. जमलेल्या शास्त्री-परूश्यांना तो विचारतो, की तुमचा मुलगा किंवा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर तुम्ही त्याला ताबडतोब बाहेर काढणार नाही का? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. येशूने शब्बाथाचा नियम टाकाऊ ठरवला नाही. तो नियम कोणाच्या भल्यासाठी दिला आहे, एवढेच त्याने त्यांच्या लक्षात आणून दिले.

त्याच शुभवर्तमानातला भला शोमरोनी (१०:२५-३७) आपल्याला पाठ आहे. तो वैद्य नव्हता. हाताशी तेल आणि द्राक्षारस होता, तेवढ्यावर त्याने जखमा बांधल्या. मग जखमी माणसाला उतारशाळेत पोचवले, खर्चाचे पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले. जमेल ते करणे, पुढच्या हातात सोपवणे आणि पाठपुरावा ठेवणे, या तीन गोष्टी पुढे लक्षात ठेवू.

२. हेमलकसा : न शिकलेले काम करावे का?

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहायला गेले. वीज नव्हती, आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस, अडलेली बाळंतीण, मेंदूपर्यंत मलेरिया गेलेला रुग्ण, असे पेशंट खाटेवर किंवा खांद्यावर येत. डॉ. प्रकाश हे सर्व विषयांतले तज्ज्ञ नव्हते. शहरात असे पेशंट चार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेले असते.

आपल्याला न येणाऱ्या कामात हात घालू नये, हा वैद्यकातला योग्य नियम आहे. पण येथे हात आखडला तर मरण जवळजवळ ठरलेले. त्यांनी पुस्तके वाचून, जाणकारांकडून शिकून उपचार केले, शस्त्रक्रियाही केल्या. पुढे २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, गावोगावचा बोगस डॉक्टरही न शिकलेलेच काम करतो. मग फरक काय? फरक आहे. बोगस डॉक्टर आपले अज्ञान लपवतो. जवळ चांगली सोय असतानाही पेशंट सोडत नाही आणि पुढच्या वेळेसाठी काही शिकत नाही. म्हणून कसोटी अशी : याहून चांगला हात आवाक्यात आहे का? घरच्यांना धोका खरा खरा सांगितला का? पुढच्या रुग्णासाठी शिकण्याची तयारी आहे का? या तिन्ही प्रश्नांना प्रामाणिक उत्तर देणारा डॉक्टर शोमरोन्याच्या वाटेवर आहे.

३. गडचिरोली : सुई कोणाच्या हाती?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. जंतुसंसर्ग हे त्याचे एक मोठे कारण. त्यावर औषध होते : जेंटामायसिनचे इंजेक्शन. पण डॉक्टर दूर, रस्ते वाईट, आणि पुष्कळ आईबाप ओल्या बाळाला घराबाहेर काढायला तयार नसत. मग गावातल्याच, पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बाईला ही सुई द्यायला शिकवावे का?

आक्षेप पोकळ नव्हता. जास्त मात्रा गेली तर या औषधाने मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. सुई चुकीच्या जागी लागली तरी अपाय होतो. उलट बाजूने, सुई न देण्याचीही किंमत होती, आणि ती बाळे मोजत होती. कोणत्या बाजूला धोका अधिक, हे नुसत्या वादाने ठरणार नव्हते; मोजून पाहणे भाग होते. म्हणून ३९ गावांतल्या आरोग्यदूतांना शिकवण्यात आले. आजारी बाळाला आधी दवाखान्यात नेण्याचा सल्ला द्यायचा. आईबाप नाहीच म्हणाले, तर त्यांच्या संमतीने घरी उपचार करायचे. वरचेवर देखरेखही ठेवली गेली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी त्या गावांत हे प्रमाण हजारी सुमारे २५ पर्यंत उतरले होते.

तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र ते साठच्या आसपासच राहिले. येथे आपले मन अडखळते. त्या गावांतल्या बाळांचे काय? हा प्रश्न टाळू नये. उपाय सुरक्षित आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तुलनेशिवाय ते कळलेही नसते. पण तुलना तेवढ्यापुरतीच न्याय्य असते. उपाय लागू पडतो हे एकदा कळले, की तो सर्वांपर्यंत नेण्याचे ऋण चढते. २०११ पासून घरोघरी नवजात बाळाला भेट देण्याचे काम देशभर आशाताईंकडे आले. इंजेक्शन मात्र सर्वसाधारणपणे नर्सताईंच्याच हाती राहिले. म्हणजे तो पेच अजून पुरता सुटलेला नाही.

४. थांबायचे कुठे?

आतापर्यंत आपण उपचारांच्या अभावाबद्दल बोललो. आता उलटा पेच. वडील अत्यवस्थ आहेत, नागपूरच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. बरे होण्याची आशा नाही, असे डॉक्टर सांगतात. धाकटा भाऊ म्हणतो, शेत विकू पण यंत्र चालू ठेवू. मोठा गप्प आहे. डॉक्टरांनी काय करावे?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांच्या याच प्रश्नाला उत्तर दिले. जीव जपण्यासाठी साधारण उपाय करणे कर्तव्य आहे; परंतु ज्यांचा भार लाभापेक्षा फार मोठा आहे असे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. १९९५ च्या 'एव्हांजेलियुम व्हिते' या विश्वपत्रात संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी हाच भेद पुन्हा मांडला आणि दयामरणाला ठाम नकार दिला. मरण ओढवून आणणे वेगळे आणि येणारे मरण देवाच्या हातून स्वीकारणे वेगळे. यंत्र काढले तरी पाणी, स्वच्छता, वेदनाशमन आणि हातात हात हे शेवटपर्यंत थांबत नाही.

५. आपण काय करावे?

• वैदूचे औषध घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. अर्ध्या माहितीवर डॉक्टर योग्य निर्णय घेऊ शकत नाहीत.
• 'तुमच्या घरचा माणूस असता तर तुम्ही काय केले असते?' असे डॉक्टरांना शांतपणे विचारा.
• वडीलधाऱ्यांची इच्छा ते बोलू शकतात तेव्हाच विचारून ठेवा.
• रुग्णाभ्यंगाचा संस्कार शेवटच्या श्वासापर्यंत लांबवू नका. फादरांना वेळीच कळवा.
• प्रयत्न करूनही रोगी गेला, तर डॉक्टरांवर हात उगारू नका. त्या रात्री त्यांनाही झोप येत नसते.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावात नियमामुळे कोणाचे भले अडले आहे का? तो नियम कोणाला जपतो?
२) गडचिरोलीतल्या आईच्या जागी आपण असतो, तर शेजारणीच्या हातून बाळाला सुई देऊ दिली असती का?
३) आपल्या घरात 'आता पुरे' हे कोणी आणि केव्हा म्हणावे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू रोग्यांना स्पर्श करून बरे केलेस. आमच्या जंगलातल्या वाटांवर रात्री-अपरात्री धावणाऱ्या डॉक्टरांना, नर्सताईंना आणि आशाताईंना योग्य ते ओळखण्याची बुद्धी आणि ते करण्याचे धैर्य दे. आम्हा आप्तांना सत्य ऐकण्याचे बळ दे. आमेन.