यंत्राची विक्री की कामाची?

गुणपत्रिकेची प्रत हवी असली, की ‘झेरॉक्स काढून आण,’ असे आपण सहज म्हणतो. झेरॉक्स हे खरे तर एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे. या कंपनीने नवे यंत्र तर बनवलेच. पण व्यवसायाची एक वेगळी रीतही लोकांना दाखवली.

कोरड्या पद्धतीने प्रत काढण्याचा शोध चेस्टर कार्लसन यांनी लावला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरात त्यांना पहिली प्रत मिळाली. पुढे १९५९ साली कंपनीने ‘९१४’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे ३०० किलो होते आणि किंमतही फार होती. एवढे महागडे यंत्र कोण विकत घेणार?

कंपनीने यावर उपाय शोधला. यंत्र कंपनीच्याच मालकीचे राहील आणि कचेऱ्यांनी ते भाड्याने घ्यावे, असे ठरले. महिन्याचे भाडे ९५ डॉलर होते. त्यात २००० प्रती काढता येत. त्यापुढील प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे पडत. प्रती मोजण्यासाठी यंत्राला मीटर होता. देखभाल व दुरुस्ती कंपनीकडेच होती.

विकत घेतलेले यंत्र बिघडले, तर बहुधा घेणाऱ्याचे नुकसान होते. येथे मात्र यंत्र बंद पडले, की मीटर थांबे आणि कंपनीचेही उत्पन्न घटे. त्यामुळे यंत्र चांगले चालावे, ही दोघांचीही गरज झाली. इंग्लंडमध्ये १९६२ साली विमानाच्या इंजिनासाठीही अशीच योजना निघाली. विमान जितके तास उडेल, तितक्या तासांचे पैसे द्यायचे!

ही रीत सर्वांनाच फायद्याची असते का? हिशेब करून पाहू. महिन्याला २००० प्रती काढणाऱ्याला एक प्रत पाच सेंटांहून कमी खर्चात पडे. फक्त १०० प्रती काढणाऱ्याला तीच ९५ सेंटांना पडे! शिवाय कितीही वर्षे भाडे भरले, तरी यंत्र आपले होत नाही. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपली गरज मोजावी आणि अटी नीट वाचाव्यात.

शब्दार्थ
कचेरी – कार्यालय. देखभाल – निगा. अट – शर्त

स्वाध्याय
१. यंत्र बंद पडल्यास कंपनीचे नुकसान का होई?
२. महिन्याला ५०० प्रती काढल्यास एक प्रत किती सेंटांना पडेल?
३. तुमच्या घरी कोणती वस्तू विकत घ्यावी व कोणती भाड्याने आणावी? कारणे लिहा.