टॅब्लेटची निवड आणि शाळेचें स्वातंत्र्य

दगडी पाटीचा एक गुण आम्हांस आतां विशेष जाणवतो. पाटी एका दुकानांतून घ्यावी, पेन्सिल दुसऱ्या दुकानांतून, दोहोंचें जुळतेंच. टॅब्लेट हीहि एक पाटीच होय. परंतु तिच्यावर कोणती पेन्सिल चालेल, हें पुष्कळदां विकणारी कंपनीच ठरविते. यंत्र, पाठ, विद्यार्थ्यांचीं खातीं व दुरुस्ती हीं सर्व एकाच विक्रेत्याच्या हातीं गेलीं, म्हणजे त्याला सोडणें शाळेस परवडत नाहीं. यासच आम्ही विक्रेत्याचें बंधन म्हणतों.

हें बंधन मराठी लेखनानें पूर्वींच भोगलें आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं संगणकावरील मराठी टंकांत प्रत्येक कंपनीचे अक्षरसंकेत निराळे असत. एका टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, तर निरर्थक चिन्हें दिसत. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याची! सर्वांस समान असा संकेत मिळाला, तेव्हांच ती किल्ली आपल्या हातीं आली.

अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथील शाळाखात्यानें २०१३ सालीं विद्यार्थ्यांस ॲपल कंपनीचे आयपॅड देण्यास आरंभ केला. त्यांवर पिअर्सन या प्रकाशकाचा पाठ्यक्रम होता व त्याचा परवाना अवघ्या तीन वर्षांचा होता. २०१४ सालीं तो करारच सोडून द्यावा लागला. उलट, आपल्या देशांत ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीस प्रकाशित झालेला ‘आकाश’ टॅब्लेट सरकारास सुमारें २,२७६ रुपयांस पडला. त्याची अँड्रॉइड प्रणाली खुली होती. परंतु यंत्र मंद, म्हणून तक्रारी आल्या. तात्पर्य, केवळ नांवाजलेली वस्तु जशी पुरेशी नाहीं, तशीच केवळ स्वस्त वस्तुहि नाहीं.

आतां आपल्या युसूफ वडगांवाकडे पाहूं. बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडास परततात. अशा घरचें मूल कारखान्याच्या तळावर कोपींत बसून वाचूं लागलें, तर तेथें इंटरनेट असेलच असें नाहीं. प्रत्येक वेळीं कंपनीच्या खात्याची परवानगी मागणारा पाठ त्याच्या काय कामाचा? त्या मुलाचें वर्ष वांचणें वा बुडणें हें खरेदीच्या वेळीं केलेल्या निवडीवर कांहीं अंशीं अवलंबून राहतें.

म्हणून खरेदीपूर्वीं शाळेनें चार प्रश्न विचारावेत. पहिला, पाठ इंटरनेटवांचून उघडतात काय? दुसरा, ते पीडीएफसारख्या सर्वमान्य स्वरूपांत असून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतील काय? बालभारतीचीं पुस्तकें या स्वरूपांत विनामूल्य मिळतात, हें येथें ध्यानांत ठेवावें. तिसरा, बॅटरी व काच केज किंवा अंबाजोगाईच्या बाजारांत बदलून मिळेल काय? चवथा, करार संपल्यावर मुलांच्या वह्या व गुण शाळेच्या हातीं परत येतील काय? या चारांचीं उत्तरें तोंडीं न घेतां करारांत लिहून घ्यावींत.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ऊन असतां तेंहि घर नीटच दिसत होतें. नवीं यंत्रें अवश्य घ्यावींत. परंतु ज्ञानाच्या घराचा पाया दुसऱ्याच्या जमिनीवर घालूं नये, एवढीच आमची सर्वांस विनंति आहे.