लेकीच्या नर्सिंगला नाही म्हणण्याआधी

आई-बाबा, नीटचा निकाल लागला की वसमत-कळमनुरीकडच्या घरांतून एकच हिशेब सुरू होतो. सरकारी एमबीबीएसला मार्क कमी पडतात. मग खासगी कॉलेजची फी, मग यंदाची हळद काय भावाने जाईल, आणि शेवटी दबक्या आवाजात निघणारा दोन एकरांचा विषय. लेक आतल्या खोलीत सगळं ऐकत असते. जमिनीची बोलणी पुढे सरकण्याआधी माझं थोडं ऐका.

सैन्य म्हटलं की आपल्याला पोरांची भरती आठवते, पहाटे रस्त्यावर धावणारी. पण सैन्याचे मोठाले दवाखाने आहेत आणि तिथे लागणारी माणसं सैन्य स्वतःच्या खर्चाने शिकवतं, हे आपल्या गावांत अजून पोचलेलं नाही.

पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्याचं मेडिकल कॉलेज, काहींनी ऐकलेलं असतं. देशभरातून दीडशेच्या आसपास जागा, मुलींना त्यातल्या जेमतेम तीस. नीटनंतर इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. वाट अवघड आहे. याच कॉलेजात शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर 2020 मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, या हुद्द्यावर पोचलेल्या देशातल्या तिसऱ्या महिला. पुढे 2021 मध्ये त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. आपल्या हिंगोलीचं नवं मेडिकल कॉलेज त्याच विद्यापीठाचं.

मला मात्र नर्सिंगबद्दल जास्त बोलायचंय, कारण तिथे आपणच नाक मुरडतो. ‘एवढं शिकवलं ते नर्स करायला का?’ हे वाक्य मी फार घरांतून ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पुण्यात आणि मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात होते. दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळूरुलाही. सगळीकडच्या मिळून 220 जागा. नीट इथेही लागते. बारावी विज्ञान पहिल्या प्रयत्नात, निदान 50 टक्क्यांनी. शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं, वर विद्यावेतन. चार वर्षांनी मुलगी लेफ्टनंट होते. खांद्यावर दोन तारे लागलेली अधिकारी.

पण फुकट शिक्षण मिळतंय एवढ्यासाठी तिला ढकलू नका. प्रवेशाच्या वेळी बाँड लिहून द्यावा लागतो, नोकरी मध्येच सोडली तर पैसे भरावे लागतात. बदली जम्मूला होईल, आसामातही होईल. पोळ्याला, दिवाळीला ती घरी असेलच असं नाही. रात्रपाळीत जखमी जवानाजवळ उभं राहण्याची तिची स्वतःची तयारी हवी.

आणि लग्न? हा प्रश्न तुम्ही विचारणारच. शिक्षण होईपर्यंत अविवाहित राहावं लागतं, हे खरं. त्यापुढे अडकाठी नाही. लग्न केलं म्हणून 1988 मध्ये एका लष्करी परिचारिकेला नोकरीवरून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये ते चूक ठरवलं आणि तिला 60 लाख रुपये द्यायला लावले. ज्या नियमावर बोट ठेवून तिला काढलं, तो 1995 मध्येच मागे घेतला गेला होता.

मुलगा असेल आणि नीट झेपत नसेल, तर नर्सिंग असिस्टंटची भरती आहे. बारावीला जीवशास्त्र हवं, म्हणून अकरावीत विषय निवडताना हे लक्षात असू द्या. धावणं आहेच, लेखी परीक्षाही आहे.

अकरावीपासून घरात इंग्रजी पेपर येऊ द्या, कारण मार्क असूनही आपली मुलं मुलाखतीत बिचकतात. डोळे आणि कान आताच तपासून घ्या. जाहिरात एकदाच येते आणि मुदत पटकन संपते, तेव्हा फॉर्म भरायला सेवा केंद्रावर शेवटच्या दिवशी रांग लावू नका. आणि हे सगळं लेकीशी बोलाल, तेव्हा आधी तिला काय वाटतं ते पुरतं ऐकून घ्या. ती नको म्हणाली, तर तिच्यावर जोर करू नका.