डबा महाग, नाचणी घरची

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. अंगावर पितं, पण वरच्या खाण्याच्या डब्यांवर फार खर्च होतो. काय करू? – एक आई, खेड

उत्तर : ताई, डब्याऐवजी नाचणी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळातलं कॅल्शियम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, वाळवून मंद भाजा, दळून वस्त्रगाळ करा. मोडांमुळे पेज फार दाटत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि इवल्या पोटाला जास्त ताकद मिळते. डब्यात लोह वरून घातलेलं असतं, मग ते नाचणीतून पुरेल का, ही शंका रास्त आहे. म्हणूनच नुसत्या नाचणीवर राहू नका. मूगडाळ, अंडं, काटे काढलेली मासळी द्या आणि लोहाच्या औषधाचं आशाताईंना विचारा. वर्षापर्यंत मीठ, गूळ, साखर, मध नको. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा डब्यांची जाहिरात १९९२च्या कायद्याने बंद आहे, ते उगाच नाही.