हजेरीपटातील गळालेल्या तारखा

प्रश्न : एन.सी.सी.त कन्येची हजेरी कमी दाखवून तिला ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा नाकारली आहे. काय करावे?
— एक पालक, ओझर

उत्तर : आपली व्यथा रास्त आहे. 1948च्या कायद्याने स्थापन झालेल्या ह्या छात्रसेनेत त्या परीक्षेसाठी 75 टक्के हजेरी आणि एक शिबिर आवश्यक असल्यामुळे, महाविद्यालयातील हजेरीपट युनिटच्या दप्तरात रुजू होईपर्यंत एखादी तारीख गळाली, तरी उन्हात कवायत केलेल्या मुलीचे वर्ष वाया जाते. आणि विमानांच्या कारखान्याच्या गावात राहणाऱ्या, नोंदीवाचून विमान हवेत न सोडणाऱ्या ओझरकरांना नोंदीचे मोल मी काय सांगावे! कन्येने स्वतः, तारीखवार तपशील जोडून, महाविद्यालयातील छात्रसेना अधिकाऱ्यांमार्फत युनिटच्या कमान अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. आपण परस्पर जाऊ नये. परीक्षार्थींची यादी पक्की होण्यापूर्वीच हे उरकावे.