लय, ताल आणि चाल : टाळकऱ्यांसाठी थोडा विचार

दिंडीत नवा आलेला टाळकरी चार दिवसांत हात चालवायला शिकतो. पण "लय पळू देऊ नका हो" असे विणेकरीबुवा म्हणाले की तो गोंधळतो. त्याला वाटते, ताल चुकला. तसे नाही. ताल बरोबर असूनही लय पळते. म्हणून हे शब्द आधी नीट समजून घेऊ.

ताल म्हणजे मात्रांचे ठरलेले आवर्तन. भजनी ठेका आठ मात्रांचा. आठ मोजल्या की पुन्हा एकावर यायचे. ती पहिली मात्रा म्हणजे सम. जिथे टाळी न देता हात नुसता बाजूला नेतात तो काल. मृदंगावर ताल ज्या ठरीव बोलांनी वाजतो तो ठेका. टाळ हा शब्दही तालाचाच.

लय मात्र निराळी. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघणराजाच्या काळी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे हा ग्रंथ तिच्याही आधीचा. त्यात लय म्हणजे क्रियेनंतरची विश्रांती, असा अर्थ सांगितला आहे. किती मार्मिक! लय आघातात नाही, दोन आघातांमधल्या मोकळ्या जागेत आहे. ती जागा मोठी तर विलंबित, बेताची तर मध्य, आखूड तर द्रुत. आणि कोणाच्या ध्यानात न येता ती आखूड होत गेली, की लय पळाली. मात्रा आठच राहतात, समही चुकत नाही.

आता आपली भाषा पाहा. चाल म्हणजे चालणे, आणि अभंग म्हणायची रीत तीही चालच. चरण म्हणजे पाय, तसाच अभंगाचा भागही. पदाचेही तेच. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. एखाददुसरे इकडेतिकडे होते. शेवटी दोन कमी पडतात ती दम घ्यायला, असे मला तरी वाटते.

लय पळाली की पावली खेळणारी पोरे खूश होतात. पण मागे सत्तरीची आजी आहे, डोक्यावर तुळस आहे, आणि आळंदीहून पंढरी सुमारे २५० किलोमीटर आहे. तिचे पाऊल टाळाशी जुळले आहे तोवर ती सर्वांबरोबर चालते. ते तुटले की भर दिंडीत ती एकटी पडते.

यात कोणाचा खोडसाळपणा असतोच असे नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मृदंगापासून ३४ मीटर मागे असणाऱ्याला थाप सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येते. संथ लयीत हे खपून जाते. पण सेकंदाला चार आघात पडू लागले, की मधली जागा पाव सेकंदाची. तिच्यातली निम्मी नाही तरी पुष्कळशी वाटेतच गेली! मग मागचे टाळ आड पडतात, अन् पुढच्यांना गाठायला ते आणखी घाई करतात. यासाठी मागच्या रांगेतल्याने कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी. पुढच्याचे हात बघून टाळ मिळवावा.

घरी सराव करायचा तर मृदंग नको. अंगणात आपल्या नेहमीच्या पावलाने चालावे, पावलागणिक टाळ वाजवावा, आणि दोन आघातांमध्ये मनात 'विठ्ठल' म्हणावे. नाव पुरे होण्याआधी दुसरा आघात पडला, तर जागा आखडली असे समजून तिथेच थांबावे व पुन्हा पहिल्या पावलापासून धरावे.